अधिक सव्वादोन

४ फेब्रुवारी, मंगळवार

भावजयीच्या डोक्यात कोणीतरी इस्त्री घातली. आमच्याच घरात, भरदिवसा, आमचीच इस्त्री. जिवंत आहे. शुद्ध नाही.

साडेतीनला दुकानात फोन आला. राजेसाहेबांचा – म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा. आई त्याला ‘राजा’ म्हणते. वय वर्षं छत्तीस, राज्य तीन खोल्यांचं. ‘ताई, घरी ये’ एवढंच बोलला. आले तर जिन्यात सगळी इमारत उभी, दारात पोलीस. भावजयीला आधीच हॉस्पिटलात नेलं होतं. बाहेरच्या खोलीत तिची प्रवासी पिशवी पडलेली, अर्धी उघडी, कपडे बाहेर आलेले. जमीन ओली. कोणीतरी पुसायला घेतली होती आणि पोलिसांनी थांबवलं होतं. कोणीतरी म्हणजे आई! ‘डाग धरेल,’ म्हणे.

राजेसाहेबांचं म्हणणं – तीनला जेवायला आलो, दार उघडं, ही पडलेली, चोर असणार. चोराने नेलं काय? काहीच नाही. कपाट जागच्या जागी, टीव्ही जागच्या जागी. फक्त इस्त्री उचलली, मारली आणि शिस्तीत परत टेबलावर ठेवून गेला. असा टापटिपीचा चोर मी तरी ऐकलेला नाही. पण भाऊ सांगत होता आणि आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. स्वतः ती वरच्या मजल्यावर काकूंकडे गप्पा मारत बसली होती. काकूही हो म्हणाल्या. घड्याळ कुणीच बघितलेलं नव्हतं.

इन्स्पेक्टर बाई आहेत. बोलतात कमी. मला विचारलं, नवराबायकोचं कसं होतं. मी म्हटलं, चारचौघांसारखं. चारचौघांचं कसं असतं ते त्यांनी विचारलं नाही.

५ फेब्रुवारी

शुद्ध नाही. आईला काळजी अशी की राजाने काल दुपारपासून पोटभर खाल्लेलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दुकानात झालं ते लिहून ठेवते. वीस वर्षं चष्म्याच्या काचा घासतेय. दुकानाच्या मागे आठ बाय सहाची खोली, फिरतं दगडी चाक, पाण्याची बारीक धार आणि मी. पुढे मालक बसतात, हसतात, गिऱ्हाइकाला फ्रेम्स दाखवतात. काम मी करते.

अकराच्या सुमारास एक हवालदार आला. भागातली चष्म्याची सगळी दुकानं पालथी घालत होता. प्लॅस्टिकच्या पुडीत काचेचा तुकडा, नखाएवढा, जरासा मोठा. याचा नंबर सांगता येईल का, म्हणे. जखमी बाईच्या केसांत सापडलाय. बाई कोण, ते त्याने सांगितलं नाही आणि मी कोण, ते त्याला माहीत नव्हतं. मालकांची छाती फुगली. आमच्या बाईंना दाखवा, काच नुसती हातात घेऊन सांगतात!

सांगायला कशाला हवं. तुकड्याची एक बाजू शाबूत होती – कडेची. कडेला मी आतल्या अंगाने एक रुंद उतार देते, हाताने, म्हणजे फ्रेम घट्ट धरते. असं दुसरं कोणी करत नाही; बाकीचे यंत्रात घालतात आणि मोकळे होतात. ती कड माझी होती. मग नंबर काढायच्या यंत्राखाली धरला. अधिक सव्वादोन, वर अर्ध्याचा सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर. आणि काच खरी, प्लॅस्टिक नव्हे. आजकाल खरी काच कोण घेतं? आमचे राजेसाहेब. प्लॅस्टिकला चरे पडतात म्हणून लहानपणापासून त्यांना काचच लागते. दोन वर्षांपूर्वी नंबर वाढला तेव्हा मी नवा चष्मा करून दिला. जुना सव्वादोनचा घरी पडला होता.

हवालदार वही उघडून उभा. मी म्हटलं, ‘अडीचच्या आसपास. साधा वाचायचा चष्मा दिसतो. रस्त्यावर मिळतात तसला. कुठल्याही म्हाताऱ्या माणसाचा असेल.’

त्याने लिहिलं. मालक म्हणाले, बघा! हवालदार पुढच्या दुकानात गेला.

८ फेब्रुवारी

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ही म्हण ज्याने काढली त्याला भाऊ असणार, नक्की.

जन्मभर मी या माणसाला हसत आले. परीक्षेत नापास झाला की मास्तर वाईट, नोकरी सुटली की साहेब वाईट. गेल्या वर्षी दार आपटलं, बायकोचं बोट सापडलं, नख गेलं. चुकून, म्हणाला. आई म्हणाली, तिनेच हात मध्ये घातला. मी काय म्हणाले? काही नाही. जेवले आणि झोपले. आणि काल त्याच्यासाठी हातातल्या कामाशी खोटं बोलले. वीस वर्षांत पाव नंबरचीसुद्धा चूक केली नव्हती.

१० फेब्रुवारी, सोमवार

हॉस्पिटलात गेले. अर्धं डोकं भादरलेलं, तोंडात नळी, चेहरा सुजून परका झालेला. नर्स म्हणाली, बोलत राहा, कधीकधी ऐकू जातं. काय बोलणार? तुझ्या केसांतली काच माझ्या हातची, एवढंच बोलण्यासारखं होतं.

मला ही बाई कधी आवडली नाही. उगाच गोड बोलायची. उगाच विचारपूस. लग्नानंतर महिन्याभराने डबा द्यायच्या निमित्ताने दुकानात आली, मागच्या खोलीत शिरली आणि नंबरच्या यंत्राला डोळा लावून म्हणाली, ताई, या हिरव्या रेषा कसल्या? मी तुटकपणे सांगितलं. तरी पाऊण तास उभी राहून काचा घासताना बघत बसली. वीस वर्षांत घरातलं तेवढं एकच माणूस त्या खोलीत आलं. आई नाही, भाऊ नाही. हे मला आज तिच्या खाटेशी आठवलं आणि रडू आलं. नर्सला वाटलं, काय माया आहे नणंदेची!

बाहेर बाकावर राजेसाहेब बिस्किटं खात होते. मला शेजारी बसवलं आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, ‘ताई, तुमच्या दुकानात कोणी काचेचा तुकडा घेऊन आलं होतं का?’

मी नाही म्हटलं. त्याने सुस्कारा टाकला. तुकड्याची गोष्ट पोलिसांनी घरात कोणालाच सांगितलेली नाही. मग याला कुठून माहीत? चोराने कळवलं असेल!

त्याने पुडा माझ्यापुढे केला. मी एक बिस्कीट घेतलं, आणि खाल्लंसुद्धा.

११ फेब्रुवारी

सांगून आले.

इन्स्पेक्टरबाईंच्या टेबलासमोर बसून सगळं सांगितलं – नंबर, सिलिंडर, कड. दुकानातलं त्याच्या नावाचं जुनं कार्ड पुढे ठेवलं. हवालदाराला आधी खोटं सांगितलं तेही सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी पाणी मागवलं. म्हणाल्या, सख्ख्या भावाचं नाव सांगायला माणसाला चार दिवस लागणारच. मला वाटतं त्यांना मी फार थोर वाटले. मी थोर नाही. मला त्या बिस्किटाची किळस आली होती, एवढंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दहाला नेला. त्याला चपलाही घालता येईनात, डावी-उजवी करत बसला. तोही माझ्याकडे बघेना, मीही त्याच्याकडे बघेना.

मला वाटलं आता आई माझ्या झिंज्या उपटेल. तिने दार लावलं, खुर्चीत बसली आणि विचारलं, त्यांना कसं कळलं. मी म्हटलं, मी सांगितलं. काचेवरून. ती म्हणाली, ‘काचेवरून एवढं कळतं?’

कळतं म्हटलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

मामाचा फोन आला. घर बुडवलंस, वंशाला काळिमा फासलास, बिनलग्नाची बहीण घरात ठेवली की असंच होतं. वीस वर्षांत या मामाने एकदा घरी पाऊल टाकलं नाही, आणि आता उंटावरून शेळ्या हाकतोय. मी म्हटलं, मामा, तुमचा चष्मा तुटला तर पाठवा हं. त्याने फोन आपटला.

१४ फेब्रुवारी

कबूल केलं. दोन दिवसांत! कोणी बोटही लावलं नाही म्हणे, स्वतःहून सगळं सांगितलं. भांडण झालं, राग आला, हातात इस्त्री होती. जुना चष्मा घातला होता, झटापटीत फुटला.

चोर-चोर म्हणून गळा काढणारा माणूस दोन दिवसांत पाघळतो. खोटं बोलायलाही जोर लागतो, तोही याच्यात नाही. मारलंस तर मारलंस म्हण पहिल्याच दिवशी, नाहीतर शेवटपर्यंत नाही म्हण. ना धड पुरुष ना धड गुन्हेगार.

मी बरोबर होते. हे लिहून ठेवायला बरं वाटतंय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

घरात आता आम्ही दोघीच. दुकानातून आले तर आई दारात उभी. कोणाची वाट बघतेस विचारलं, तर म्हणाली, तुझी. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा! चहा आयता हातात दिला. साखर बरोबर आहे का विचारलं. मी साखर घेत नाही हे तिला माहीत नाही. प्यायले.

पोराला नेल्यावर म्हातारी खचेल असं वाटलं होतं. खचली नाही. फक्त पेपर वाचणं सोडलंय. घडी न मोडता तसाच रद्दीत ठेवते. मी म्हटलं, राजाची बातमी असेल म्हणून वाचवत नसेल.

मला बरं वाटतंय. लाज वाटायला हवी. वाटत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सगळं लिहिते. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी मी डबा भरत होते. आई येऊन समोर बसली आणि म्हणाली, मला एक वाचायचा चष्मा करून दे.

मी हसलेच. आईला चष्मा नाही. एकोणसत्तर पूर्ण, आणि चष्मा नाही! ही तिची मिरवायची गोष्ट. दाराशी आलेल्या माणसाला पाणी द्यायच्या आधी ती हे सांगते. मीसुद्धा गिऱ्हाइकांना सांगत आले – आमच्या आईचे डोळे बघा. पंचेचाळिशीनंतर जवळचा चष्मा कोणालाच चुकत नाही, हे दिवसातून दहा वेळा लोकांना समजावणारी मी! स्वतःच्या आईचा डोळा कधी तपासला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

म्हटलं, नंबर काढावा लागेल. ती म्हणाली, काढायला कशाला हवा, राजाच्या जुन्या चष्म्याचा घाल, त्यातून छान दिसायचं.

मी डब्याचं झाकण लावलं. पुन्हा उघडलं.

‘दिसायचं म्हणजे?’

‘आता फुटला ना तो,’ ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. रडली नाही, आवाजही चढवला नाही. दुपारी सगळे बाहेर गेले की ती राजाचा जुना चष्मा काढून पेपर वाचायची. वर्ष-दीड वर्ष. त्या दिवशी सून घरी असूनही वाचत होती, चष्म्याचं तिला आधीच कळलं होतं. भावजय इस्त्री करून पिशवी भरत होती. ऑफिसातून दुसऱ्या गावी बदली घेतली म्हणाली, रविवारी आम्ही दोघं जाणार, यांनाही सांगितलंय. यांना म्हणजे राजाला. राजाने आईपाशी चकार शब्द काढलेला नव्हता. मग भावजय आईकडे बघून हसली आणि म्हणाली, आई, आता ताईंकडून स्वतःचा करून घ्या ना चष्मा, यांचा किती दिवस वापरणार.

‘हसली ती,’ आई मला म्हणाली. ‘माझा मुलगा घेऊन चालली होती आणि वर हसली.’

आईने इस्त्री उचलली, भावजयीने तिच्या तोंडाकडे हात नेला, चष्मा पडला, काचेचे तुकडे झाले, भावजय त्या तुकड्यांवरच कोसळली. राजा आला तेव्हा आई खुर्चीत बसलेली. त्याने तिला वर काकूंकडे पाठवलं, तुकडे वेचले, फ्रेम कुठेतरी फेकली आणि मग फोन केला. एक तुकडा राहिला.

मी विचारलं, तो तुझ्यासाठी आत गेलाय, तू गप्प कशी? ती म्हणाली, मी त्याला सांगितलं नव्हतं, तो आपणहून म्हणाला. तरुण आहे, निभेल त्याचं. मी गेले तर तुला कोण आहे?

मी दुकानात गेले. तीन काचा बिघडवल्या.

भाऊ पाघळला नव्हता. चौदा तारखेला काय काय लिहून ठेवलंय मी! हवालदाराला खोटं म्हणून सांगितलं ते खरं होतं – म्हाताऱ्या माणसाचा वाचायचा चष्मा. आणि खरं म्हणून सांगितलं त्याने निर्दोष माणूस आत गेला. हुशार बाई! काच नुसती हातात घेऊन सांगते!

२१ फेब्रुवारी

आईला चष्मा करून दिलेला नाही. देणारही नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

भावाला भेटले. मध्ये जाळी, शेजारी पोलीस, दहा मिनिटं. दाढी वाढलीय. मी म्हटलं, मला कळलंय. त्याने पोलिसाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

‘ताई, तू खरं तेच सांगितलंस,’ म्हणाला. ‘नंबर माझाच होता.’

हळू आवाजात बोलत राहिला. आईला इथे झेपणार नाही, तिला पाठीला उशी लागते, आंघोळीला कढत पाणी लागतं. मी म्हटलं आणि तुला? तर खांदे उडवले. बदलीचं आईला सांगायचं मीच टाळत होतो, म्हणाला, हिला म्हटलं होतं मी बघतो. मी बघतो! याने आयुष्यात काही बघितलेलं नाही. आत्ताही आईपुढे उभं राहण्यापेक्षा तुरुंग सोपा वाटला असेल. याला प्रेम म्हणायचं की भित्रेपणा, ते माझ्या यंत्राखाली दिसत नाही.

निघताना विचारलं, ती शुद्धीवर आली का. नाही म्हटलं. आली की तिला सांग, मी – एवढं म्हणून थांबला. वाक्य पुरं केलं नाही.

एवढा मूर्ख, एवढा लाडावलेला, आणि तरी मी काही त्याला तिथे सडू देणार नाही. आणि बायको खाटेवर पडलेली आहे, तिच्या बाजूने घरातलं कोणीतरी उभं राहायला हवं. उद्या सकाळी इन्स्पेक्टरबाईंकडे जाणार. ठरलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गेले नाही.

सकाळी तयार होऊन बसले होते. आई मागून आली, माझ्या हातातला कंगवा घेतला आणि माझे केस विंचरायला लागली. सातवीत होते तेव्हा शेवटचे विंचरले होते तिने. किती पिकलेत गं, म्हणाली. मी हलले नाही. हा सगळा डाव आहे हे कळत होतं. इतका उघड, इतका स्वस्त डाव, लहान पोरसुद्धा फसणार नाही. तरी डोळे मिटून बसले होते.

उद्या जाईन.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जावं लागलं नाही. इन्स्पेक्टरबाईच दुकानात आल्या.

भावजय काल शुद्धीवर आली. आईचं नाव घेतलं. सासूबाईंच्या डोळ्यांवर चष्मा होता, तोच फुटला, असं म्हणते. पण सगळी इमारत सांगते की म्हातारीला चष्मा नाही. नवऱ्याचा कबुलीजबाब आहे. आणि डॉक्टर म्हणतात, एवढा मार बसल्यावर आठवणीचा भरवसा देता येत नाही.

‘म्हणून तुम्हाला विचारते,’ बाई म्हणाल्या. ‘तुम्ही सख्ख्या भावाविरुद्ध खरं बोललात. तुम्ही सांगाल ते मी धरून चालेन. तुमच्या आई तो चष्मा वापरायच्या का?’

मी चाक बंद केलं. हात पुसले.

‘नाही,’ म्हटलं. ‘आईला चष्मा लागतच नाही.’

त्यांनी लिहून घेतलं. मी वाचून खाली सही केली. जाताना म्हणाल्या, तुमच्यासारखं एक तरी माणूस प्रत्येक घरात हवं.